मंगळवार म्हणजे मंगळवार: कामाठीपुऱ्यातल्या सेवाकार्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर दर महिन्या-दोन महिन्यांनी मला कुणीतरी गाठतंच. "ताई, मलाही तुमच्याबरोबर कामाठीपुऱ्यात यायचंय. येताना काय आणू?" बहुतेकांच्या मनात जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, खेळणी असं काहीतरी असतं. मी विचारते, "मंगळवारी संध्याकाळी मोकळे असता का? पुढच्या मंगळवारी? आणि दिवाळीनंतरच्या मंगळवारीसुद्धा?" इथे काही जण विचारात पडतात. पडावं. घरी जाऊन विचार करून आलेला माणूस पुढे टिकतो, असा माझा अनुभव आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक. गेली बारा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवाकार्यात असते. कामाठीपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत मुलांचा अभ्यास चालतो. दुसरीत बायांसाठी चहा, रक्तदाब तपासणं आणि आधार, रेशनकार्ड, बँक यांची कागदपत्रं. असं काम करायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी मला ठाऊक आहे ते लिहिते. इतर वस्त्यांत थोडं वेगळं असेल, पण फार वेगळं नसावं.

वस्ती आधी समजून घ्या

कामाठीपुरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. हे नाव मात्र कामाठ्यांवरून पडलंय. तेलंगणाकडून मुंबईत बांधकामाला आलेले मजूर इथे राहिले, आणि आजही गल्ल्यांमध्ये तेलुगू कानावर पडतं. त्याच्या जोडीला कानडी, बंगाली, नेपाळी, भोजपुरी. इथल्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात, त्यामुळे पत्ता विचारताना "नववी गल्ली कुठली?" असं विचारायचं. पूर्वी जिथे धंदा चालायचा अशा कितीतरी खोल्यांत आता बॅगा शिवतात, जरीकाम करतात. तेव्हा दारात बसलेली प्रत्येक बाई धंद्यातलीच, असं मनात धरून जाऊ नका. ती शेजारच्या कारखान्यातल्या कारागिराची आईही असू शकते. आणि धंद्यातली असली तरी तिच्याशी तुमचं बोलणं चहा आणि कागदपत्रांबद्दल आहे.

या भागात ख्रिस्ती सेवाकार्य नवं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. मुक्तिफौजेची, म्हणजे साल्वेशन आर्मीची, चार माणसं १८८२ मध्ये आली, तेव्हा त्यांनी साहेबी पोशाख टाकून इथले कपडे घातले आणि पुढाऱ्यानं फकीर सिंग असं नाव घेतलं. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मात्र नागपाडा नेबरहुड हाउस. मराठी मिशननं १९२० च्या दशकात ते नागपाड्यात सुरू केलं आणि क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या मिशनऱ्यानं ते चालवलं. पुढे १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी टाटांची शाळा निघाली, तिचे पहिले संचालक हेच मॅनशार्ट, आणि वर्गही सुरुवातीला त्याच घरात भरत. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. नव्या स्वयंसेवकांना मी हे मुद्दाम सांगते. 'आपण पहिल्यांदाच दिवा घेऊन आलोय' असं वाटत असेल तर ते मनातून गेलेलं बरं. इथे आपल्या आधी पुष्कळ जण बसून गेलेत.

पहिले दोन महिने

एकट्यानं जाऊन काही सुरू करू नका. ज्यांचं काम आधीपासून चालू आहे त्यांच्याकडे जा आणि संकोच न करता प्रश्न विचारा. संस्था नोंदणीकृत आहे का? पैशाची पावती देता का? मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहून ठेवलेत का? तक्रार कुणाकडे करायची? या प्रश्नांनी ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात तिथे जाऊ नका, मग तिथली प्रार्थना कितीही हृदयस्पर्शी असो.

तेही तुम्हाला विचारतील, आणि विचारायलाच हवं. आमच्याकडे पाळकांचं (पास्टरांचं) पत्र आणि पोलीस पडताळणी दोन्ही लागतं. मुलांसोबत एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, त्यांना आपल्या घरी न्यायचं नाही, वैयक्तिक फोन नंबर द्यायचा नाही, या नियमांवर सही घेतो. एका सज्जन गृहस्थांना ही सही मागितली तेव्हा वाईट वाटलं. "वीस वर्षं मी संडे स्कूल शिकवतोय," ते म्हणाले. मी सांगितलं, सही मीसुद्धा केली आहे आणि आमच्या पाळकांनीही. त्यांनी केली, आणि आता गणित तेच शिकवतात.

पहिले दोन महिने तुम्ही कप धुवायचे, पोहे वाटायचे, चपला रांगेत लावायच्या. शिकवणं नंतर. या काळात मुलं तुम्हाला पारखत असतात. तुमच्या हातचे पोहे चार वेळा खाल्ले की पाचव्या वेळी तुमचं नाव विचारतात.

पोह्यांचंच सांगते, कारण हे काम नव्या माणसाकडेच येतं. चाळीस मुलांना तीन किलो जाडे पोहे, दीड किलो कांदे, पाऊण किलो शेंगदाणे. मिरची अगदी कमी, लिंबू भरपूर. पोहे साडेचारला भिजवायचे, त्याआधी नाही, नाहीतर गोळा होतो. खाऊ कायम शाकाहारी, म्हणजे हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळी मुलं एका ओळीत बसतात आणि कुणाच्या आईला काळजी राहत नाही. आधी मुलांना, मग आपण, आणि तेच पोहे. स्वयंसेवकांसाठी वेगळा डबा आणायचा नाही.

येताना साधे कपडे घाला, दागिने घरी ठेवा, ओळखपत्र गळ्यात असू द्या. पावसाळ्यात पाण्यात चालतील अशा चपला लागतात, कारण जुलैत गल्लीत पाणी घोट्यापर्यंत येतं. मुंबई सेंट्रल किंवा ग्रँट रोडला उतरलात तर चालत या. पानवाला, इस्त्रीवाला, पाण्याचे हंडे भरणारी पोरं यांना रोज दिसत राहिलात की तेच तुमची काळजी घेतात. दोघंदोघं जा-ये करा आणि साडेआठपर्यंत बाहेर पडा. कुणाच्या खोलीवर बोलावल्याशिवाय जिना चढू नका. पुरुषांनी बायांच्या खोल्यांवर एकट्यानं कधीच नाही. मुलांच्या अभ्यासाला आणि फुटबॉलला मात्र पुरुष हवेतच. चांगल्या पुरुषाचा सहवास इथल्या पोरांना फार थोडा मिळतो.

घरवालीला, म्हणजे धंद्याची खोली चालवणाऱ्या बाईला, नमस्कार करायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या बाईला पडतो. मलाही पडला होता आणि आजही त्यानं मन अस्वस्थ होतं. मी नमस्कार करते. तिनं परवानगी दिली नाही तर आतल्या बायका चहालाही येऊ शकत नाहीत आणि त्यांची मुलं अभ्यासालाही. पण धंद्यात अल्पवयीन मुलगी दिसली, किंवा तशी नुसती शंका आली, तर नमस्कार-चमत्कार तिथे संपतात. स्वतः आत घुसून सोडवायला जाऊ नका, त्यानं मुलगी रातोरात दुसरीकडे हलवली जाते. त्याच क्षणी आपल्या प्रमुखांना सांगा आणि त्यांच्यासोबत १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा.

बोलायचं काय, विचारायचं काय

"कुठून आलीस? कशी आलीस? सोडून का देत नाहीस?" हे तीन प्रश्न विचारू नका. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि बायांची त्यावरची उत्तरं ठरलेली असतात. त्या तेवढं सांगतात आणि दार लावून घेतात. त्याऐवजी "जेवलीस का?" विचारा, "पोराची परीक्षा कधी?" विचारा, "गुडघा कसाय?" विचारा. वयानं मोठ्या बाईला मावशी, तेलुगू-कानडी असेल तर अक्का, बरोबरीच्या बाईला ताई किंवा दीदी. हिंदी मोडकीतोडकी असली तरी चालते. एका अक्काशी माझं चार वर्षं फक्त गुडघ्यावर बोलणं झालं. पाचव्या वर्षी तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं.

फोटो काढायचेच नाहीत. मुलांचे नाही, बायांचे नाही, गल्लीचे नाही, "पाठमोरा आहे हो" म्हणूनही नाही. देणगीदारांना दाखवायचं असेल तर धुतलेल्या कपांचा फोटो दाखवा. तसंच मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, दुसऱ्याची गोष्ट सांगू नका. नाव बदललं तरी भायखळ्याच्या मंडळीत बसलेल्या कुणाला ना कुणाला ती बाई ओळखू येते. तुमची साक्ष तुमच्यापुरती असू द्या.

वचन देताना

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट. तिसरं वर्ष असेल. आठ वर्षांचा एक मुलगा वाचायला माझ्याकडे बसायचा. राणीच्या बागेत पेंग्विन आलेत हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. एका मंगळवारी, त्याच्या आईसमोर, मी म्हणाले, "तुम्हा दोघांना शनिवारी सकाळी नऊला नेते." शुक्रवारी दुपारी नगरहून फोन आला, भाचीचा साखरपुडा अचानक ठरला होता. मी तशीच एसटीत बसले. त्या संध्याकाळी केंद्रावर गेलेच नाही. मनात म्हटलं, मंगळवारी सांगेन त्याला.

तो शनिवारी शाळेचे बूट घालून आमच्या बंद दाराच्या पायरीवर बसून राहिला होता. किती वेळ, तर इस्त्रीवाल्यानं मला सांगितलं, "दोपहर की अजान तक." मंगळवारी मी गेले तेव्हा तो काही बोलला नाही. रडला नाही की रागावला नाही. फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. येतो म्हणून न येणाऱ्या मोठ्या माणसांची त्याला सवय होती, आणि मी त्यांच्यातलीच एक झाले होते.

मी सगळ्या मुलांसमोर त्याची माफी मागितली. सहलीचं पुन्हा काही बोलले नाही, खाऊही आणला नाही. नुसती येत राहिले. पाच मंगळवार तो दुसऱ्या ताईकडे वाचायला बसला. सहाव्या मंगळवारी त्यानं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "इथून."

म्हणून नव्या माणसाला मी सांगते, 'बघू', 'नेईन', 'देईन', 'करून टाकू' हे शब्द तोंडातून काढू नका. येणार नसाल तर आधीच्या वेळी मुलांना तोंडावर सांगा: "पुढच्या मंगळवारी मी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी आहे." आणि त्या दिवशी या. बायबलमधल्या दयाळू शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची, गोष्ट सांगताना आपण जखमेवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस आठवतो. मला आता त्याचं शेवटचं बोलणं जास्त आठवतं. जखमी माणसाला ठेवलेल्या उतारशाळेच्या (धर्मशाळेच्या) मालकाला दोन दीनार देऊन तो म्हणतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. तो परत येणार होता, आणि मालकाला त्याचा विश्वास वाटला.

पैसे

रोख हातात देऊ नका. मी एका ताईला मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी दोन हजार दिले होते. तिच्यासोबत राहणाऱ्या माणसाला रात्रीच कळलं. पैसे गेले, तिला मार बसला, आणि लाजेनं ती तीन महिने माझ्यासमोर आली नाही. आता फी आम्ही शाळेच्या खिडकीवर भरतो, आई सोबत असते, पावती तिच्या हातात जाते आणि वहीत दोन सह्या होतात. औषधंही दुकानात तिच्यासोबत जाऊन घ्यायची. कुणी उसने मागितले तर "संस्थेचा नियम आहे, मला देता येत नाही" एवढं सांगा. नियम असणं अशा वेळी दोघांच्याही सोयीचं असतं.

दवाखान्यात सोबत

माझ्या मते स्वयंसेवकाच्या हातून होणारं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात सोबत जाणं. नायर आणि जे.जे. दोन्ही जवळ आहेत. तरी बाया जात नाहीत, कारण रांग कुठली, केस पेपर कुठे काढायचा हे कळत नाही, आणि खिडकीवर पत्ता सांगितला की समोरच्याची नजर बदलते ते त्यांना सहन होत नाही. तुम्ही नुसते शेजारी उभे राहिलात तरी ती नजर थोडी आवरते. सकाळी आठच्या आत पोचा. जुने कागद, आधार, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा सोबत घ्या. डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या. ती अडखळली तरच तुम्ही.

क्षयरोग या दाटीच्या खोल्यांत फार आहे. खिडकी नाही, पोटमाळ्यावर चौघं झोपलेली. उपचार मोफत आहेत. साध्या क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, आणि नेमकं तिथेच बाई गोळ्या सोडते. तेव्हा तिसरा महिना हा तुमचा महिना. दर भेटीत विचारा, रिकामी पाकिटं बघा, पोटात मळमळतं का विचारा आणि तसं असेल तर त्याच दिवशी उपचार केंद्रावर न्या. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. ते थेट बँक खात्यात जमा होतात. अडतं ते इथेच: खातं गावाकडे, आधारावरचा मोबाइल नंबर बंद, नाहीतर पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात. बँकेच्या रांगेत तिच्यासोबत दोन सकाळी उभं राहिल्यावर हे सुटतं. आमच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं गेल्या वर्षी नुसतं हेच काम केलं, आणि त्याच्याइतकं मोलाचं काम आमच्यापैकी कुणी केलं नाही.

कुणाला कसला आजार आहे हे जिन्यात, गल्लीत, प्रार्थनेतसुद्धा मोठ्यानं बोलू नका. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानुसार विश्वासानं सांगितलेलं ते संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. आणि स्वतःसाठी: बंद खोलीत मास्क वापरा, पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकला राहिला तर स्वतःची थुंकी तपासून घ्या.

एखाद्या मुलानं तुम्हाला काही सांगितलं, कुणी हात लावला, काही केलं, तर चेहरा शांत ठेवा. "मला सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, वेळेसकट, लिहून काढा आणि त्याच संध्याकाळी प्रमुखांना द्या. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते तुमच्या-माझ्या मर्जीवर नाही.

प्रार्थना कधी, कशी

मी ख्रिस्ती आहे म्हणूनच तिथे जाते. हे मी लपवत नाही, दारावर छोटा क्रूसही आहे. पण पोह्यांची ताटली आणि प्रार्थना यांची गाठ आम्ही बांधत नाही. गाणं गायलं तर खाऊ, उपासनेला आलीस तर फी, असलं काहीही नाही. भुकेल्या माणसाकडून हात जोडून घेणं मला प्रभूचा अपमान वाटतो. मुलांना ख्रिस्ती गीतं शिकवायची तर आईवडिलांना आधी विचारतो, आणि ज्यांना नको त्यांची मुलं तेवढा वेळ कॅरम खेळतात.

कानडी अक्कांपैकी एकीच्या खोलीत यल्लम्माची तसबीर आहे. ती आजारी असताना आमची एक उत्साही स्वयंसेविका बघायला गेली आणि त्या तसबिरीबद्दल काहीबाही बोलून आली. अक्का त्यानंतर चहाला यायची थांबली. मी दोनदा जाऊन बसले, गुडघ्याचंच बोलले. निघताना तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "प्रार्थना करते ना तू? कर." यल्लम्मा भिंतीवर, मी खाटेवर. मी तिचं नाव घेऊन चार वाक्यांची प्रार्थना केली, हिंदीत, तिला समजेल अशी. असं मागितलं तरच करा, थोडक्यात करा, आणि कपाळावर हात ठेवायच्या आधी "ठेवू का?" विचारा. इथल्या बायांना न विचारता पुष्कळ हात लागलेत.

नाताळात आम्ही करंज्या आणि चकल्या घेऊन जातो, ईदला शीरखुर्मा आमच्याकडे येतो. तो आला की बसून खा. घाई असली तरी.

थकाल तेव्हा

थकाल. सहा-सात महिन्यांनी रात्री झोप लागत नाही, घरी जेवताना घास अडतो. मला मुलाच्या वाढदिवसाच्या केककडे बघून रडू आलं होतं. हे कुणाशी तरी बोला, पाळकांशी, जुन्या स्वयंसेवकाशी. आम्ही महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी साडेआठनंतर चर्चमध्ये बसतो, अर्धा तास बोलतो आणि अर्धा तास गप्प असतो. एक महिना सुट्टी घ्यायला हरकत नाही.

कायमचं थांबायचं झालं, नोकरी बदलली, बदली झाली, लग्न झालं, तर एक महिना आधी मुलांना सांगा. अचानक गायब होऊ नका. शेवटच्या मंगळवारी भेटवस्तू आणण्यापेक्षा तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, कुणाला अक्षर लावता येतं, कुणाला चष्मा लागणार आहे, कुणाला पोह्यांत शेंगदाणे चालत नाहीत, हे त्याला दाखवा.

आणि पहिल्यांदा येणार असाल तर पाचला नको, सव्वाचारला या. कांदे चिरायचे असतात.